धर्माभाऊंची हाक

धर्मा उतेकर या माणसाबद्दल लिहायला मी लायक आहे का, हा प्रश्न आधीच मिटवून टाकते. नाही. पण त्यांच्याबद्दल लिहील असं दुसरं कोणी नाही, आणि त्यांच्या बाबतीत मी जे केलं ते मला आता पोटात ठेवून बसवत नाही. म्हणून लिहिते आहे.

मी महाडला कॉलेजात भूगोल शिकवते. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना पावसाळ्यात दरडींची धास्ती असते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आम्ही काही जणांनी मिळून वरच्या वाड्यांवर पर्जन्यमापक बसवले. वाडीतल्याच एका माणसानं रोज सकाळी साडेआठला त्यातलं पाणी मोजायचं, मला फोन करून आकडा सांगायचा, आणि आकडा ठरलेल्या रेषेपुढे गेला की वाडीनं खालच्या शाळेत उतरायचं. ऐकायला किती सोपं. पण चार महिने, रोज, एकही दिवस न चुकता? एकाचा फोन दहाला यायचा, एकाचा जेवण झाल्यावर, आणि एक महाभाग अंगणातल्या चिखलाकडे बघून अंदाजानं ठोकून द्यायचे. धर्माभाऊंचा फोन मात्र साडेआठला. साडेआठला म्हणजे साडेआठला. माझ्या चहाचं आधण त्या फोनवर लागलेलं होतं.

त्यांची वाडी म्हणजे पोलादपूरहून जीप जिथवर जाते तिथून पुढे तासभराचा चढ आणि वर पंधरा घरं. बहुतेक घरांतली तरणी माणसं मुंबईत. धर्माभाऊंचाही मुलगा तिकडेच होता. स्वतः धर्माभाऊ साठीचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला आणि अंगात मुलानं दिलेला कुठल्याशा कंपनीचा टी-शर्ट. त्यावर इंग्रजीत काय लिहिलंय हे त्यांनी मला एकदा विचारलं होतं. मी सांगितल्यावर म्हणाले, बरं झालं, वाईट काय नाय ना, मग घालतो.

पाणी मोजायची त्यांची एक रीत होती. चपला लांब काढायच्या. मापनळी सपाट दगडावर ठेवायची आणि स्वतः त्या चिखलात पोटावर सपशेल आडवं पडायचं, डोळा पाण्याच्या पातळीला येईपर्यंत. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हटलं, अहो, नळी हातात घेऊन डोळ्यासमोर धरा की. तर म्हणाले, हात हलतो म्याडम, डोंगर हलत नाय. मी वर्गात वर्षानुवर्षं हीच गोष्ट तीन आकृत्या काढून शिकवत होते.

एकदा कडकडीत ऊन पडलेल्या सकाळी त्यांचा फोन आला. आकडा सांगितला, चांगला घसघशीत. मी म्हटलं, काल तर थेंब नव्हता. तर शांतपणे म्हणाले, "पानी हाय, पाऊस नाय. दोन्ही लिवा." रात्री वस्तीला आलेल्या कुणा पाहुण्यानं पर्जन्यमापकात हात धुतले होते. दुसरा असता तर पाणी ओतून शून्य सांगून मोकळा झाला असता. पण भांड्यात जे आहे ते सांगायचं आणि जे खरं ते पण सांगायचं, हा त्यांचा हिशेब. माझ्या वहीत त्या दिवसाच्या रकान्यात अजून तसंच लिहिलेलं आहे.

आणि मोगरी. मोगरी ही त्यांची म्हैस. कोळशासारखी काळी. मी चेष्टेनं विचारलं की मोगरी हे नाव कुणी ठेवलं, तर म्हणाले, आतून हाय ना पांढरी. ती दुसऱ्या कुणाच्या हाताला लागत नसे. पार्वतीवहिनी, म्हणजे धर्माभाऊंची बायको, त्यांनीही बसून बघितलं तरी पान्हा सोडायची नाही. धर्माभाऊ दारात उभे राहून एक हाक द्यायचे, पोटातून निघणारी, शेवटी वर जाणारी, त्यात शब्द असा नव्हताच, आणि समोरच्या उतारावरून ती रणगाड्यासारखी धडधडत घराकडे यायची. वाडीतली माणसं हसायची. पार्वतीवहिनी तर तोंडावर म्हणायच्या, माझ्या हाकेला कधी एवढ्या लगबगीनं आले नाहीत हे.

एका जुलैत आकडा रेषेपुढे गेला. मापनळी दोनदा भरून ओतावी लागली होती. मला फोनवर आकडा सांगितला आणि लगेच ते निघायच्या तयारीला लागले. वाडीतली म्हातारी माणसं घर सोडायला तयार नव्हती, दरवर्षी पाऊस पडतो, दरवर्षी काय पळायचं, असं त्यांचं चाललं होतं. धर्माभाऊंनी वाद घातला नाही. मोगरीला सोडलं आणि पुढे घालून चालायला लागले. म्हातारी मंडळी म्हणाली, धर्मा म्हशीला घेऊन निघाला म्हणजे काहीतरी खरं असणार, आणि एकेक करत सगळे मागून उतरले. त्या रात्री वाडीच्या वरचा बांध खाली आला. दोन गोठे गेले. माणूस एकही नाही. यात माझ्या भूगोलाचा वाटा किती आणि त्या म्हशीचा किती, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

ही हकिगत मी एका शोधनिबंधात लिहिली. म्हशीचा उल्लेख गाळून, अर्थातच. ती वाचून ऑस्ट्रियातल्या एका परिषदेचं बोलावणं आलं. डोंगर, दरडी, गावांना द्यायचे इशारे, असा विषय. त्यांची एक अट होती, की प्रत्यक्ष पाणी मोजणारा गावकरी सोबत हवा. खर्च दोघांचा ते करणार. माझ्या नोकरीत अशी संधी आधी आली नव्हती आणि पुढे येईल असं वाटत नव्हतं. मी धर्माभाऊंना विचारलं असं म्हणणं खोटं ठरेल. मी त्यांना पटवलं.

ते नको म्हणत होते. सप्टेंबरचा शेवट, भात पोटरीत आलेलं, दाणा धरायच्या बेतात, रानडुकरं रोज रात्री शेतात, आणि मोगरीला कोण बघणार? मी म्हटलं, दहा दिवसांचा तर प्रश्न आहे, म्हैस काय दहा दिवसांत मरते की काय. हे वाक्य माझं आहे. 

ऑस्ट्रियातलं ते गाव चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेलं होतं, तरी धर्माभाऊंचा जीव तिथे लागेना. पहिल्याच सकाळी पाचला माझ्या दारावर टकटक. बाहेर धर्माभाऊ, टॉवेल गुंडाळून तयार. आपल्याकडे साडेआठ झालेत, म्याडम, फोन लावा. वाडीवर पार्वतीवहिनी पाणी मोजत होत्या, आणि शेजारच्या सुनंदाच्या मोबाइलवरून फोन व्हायचा. सुनंदा ही शेजारच्या घरातली सून, तिच्याकडेच तेवढा इंटरनेटवाला फोन. धर्माभाऊंचा बटणांचा फोन परदेशात मुकाच होता. मी लावून दिला. आकडा विचारून झाल्यावर ते मोगरीचं विचारत बसले, मी डोळे चोळत उभी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाचला टकटक.

मग मी एक शहाणपणा केला. म्हटलं, धर्माभाऊ, तुम्ही झोपा, आकडा मी मागवून घेते आणि चिठ्ठी तुमच्या दाराखालून सरकवते. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं असेल की इथली रीत असेल. फोन माझ्या पर्समध्ये राहिला.

आणि मी काय करत होते? मी घरी दिवसातून तीनदा फोन करत होते. लाज वाटते, पण सांगते. मला त्या हॉटेलात एक घास गोड लागत नव्हता. चीज, ब्रेड, थंड मांसाच्या चकत्या. संध्याकाळी लेकीशी बोलताना कुकरची शिट्टी ऐकू आली तर मी नळ सोडून बाथरूममध्ये रडले, पंचेचाळिशीची बाई. घर म्हणजे काय हे मला त्या आठवड्यात जेवढं कळलं तेवढं कधी कळलं नव्हतं. आणि तेच पलीकडच्या खोलीतल्या माणसाला होत असेल, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण त्यांचं भाषण गुरुवारी होतं आणि ते तोवर स्थिर राहायला हवे होते.

ते आपल्या परीनं दिवस काढत होते. खोलीच्या खिडकीबाहेर त्यांनी हॉटेलचा पाण्याचा ग्लास ठेवला होता. पाऊस पडला की फरशीवर आडवे होऊन बोटानं मोजायचे. दोन दिवसांच्या रिमझिमीनंतर निकाल दिला, हा पाऊस नाय म्याडम, ह्या शिंका हायत. मी हसले.  जेवताना एकदा मात्र ते म्हणाले की इथं सगळं हाय, पन माझ्यावाचून कुणाचं काय अडत नाय.

बुधवारी सकाळी सुनंदाच्या फोनवरून पार्वतीवहिनी बोलल्या. आकडा सांगितला आणि मग म्हणाल्या, मोगरीनं दोन दिवस तोंडात घास घेतलेला नाय. दूध धरून ठेवलंय, कास दगडासारखी झालीय, अंगाला हात लावू देत नाय. धर्माभाऊ ज्या वाटेनं खाली गेले त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, ओढून आणली तरी परत जाते. "त्यांना जरा फोनवर द्या. मी मोबाइल तिच्या कानाशी धरते. नुस्ती हाक दिली तरी खाईल ती."

मला खरं तर हसू आलं. म्हशीला फोन! मी म्हटलं, सांगते हां त्यांना. आणि फोन ठेवला.

मी सांगितलं नाही. विसरले असते तर बरं झालं असतं. मी विचार करून सांगितलं नाही. त्यांना कळलं तर ते परत जायचा हट्ट धरतील, नाहीतर उद्या व्यासपीठावर तोंडच उघडणार नाहीत. गुरुवार झाला की सांगू. एका दिवसानं काय होतंय?

त्याच दुपारी आयोजकांनी आम्हाला एका डोंगरउतारावर नेलं. कुंपणापलीकडे तिथल्या गाई चरत होत्या, गळ्यात भल्यामोठ्या घंटा बांधलेल्या. सगळे फोटो काढत होते. धर्माभाऊ कुंपणाशी जाऊन उभे राहिले आणि काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी ती हाक दिली. अख्ख्या उतारावर घुमली. गाईंनी माना वर केल्या. मग त्यातल्या चार-पाच खरंच चालत कुंपणापर्यंत आल्या. परदेशी मंडळींनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल काढून चित्रण केलं. धर्माभाऊ एकीच्या कपाळावर हात ठेवून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ह्यांना बी कळतंय. मंग फोनवर मोगरीला कळंल का, म्याडम?"

फोन माझ्या हातात होता. मी म्हटलं, "उद्या बघू, धर्माभाऊ."

गुरुवारी ते फार छान बोलले. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते. झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं तर काय समजायचं, बांधाला भेग पडली तर ती काठीनं कशी मोजायची, आकडा आधी फोनवर आणि मग गावाला का सांगायचा, कारण गावात आधी सांगितला तर तो तोंडातोंडी वाढतो. सभागृह गुंग झालं होतं. शेवटी एका बाईनं प्रश्न विचारला की घरापासून इतक्या लांब आल्यावर तुम्हाला कशाची आठवण येते? मी प्रश्न मराठीत सांगितला.

धर्माभाऊ बराच वेळ बोलले. मोगरीचं नाव किती वेळा आलं ते मी मोजलं नाही. म्हणाले, ती आता वाटेच्या तोंडाशी उभी असंल. तिला माणसासारखं समजावता येत नाय, की दहा दिवसांनी येतो. तिच्या लेखी मी गेलो तो गेलो. माणूस वाट बघतो तवा त्याला दिवस ठावं असतात, तिला ते बी नाय. हे कुणी न सांगता ते जसंच्या तसं बोलत होते.  पाचशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी इंग्रजीत म्हटलं की त्यांना आपल्या गावाची फार आठवण येते.

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. धर्माभाऊ टाळ्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

बाहेर आल्या आल्या मी सुनंदाला फोन लावला. लागेना. संध्याकाळी लागेना, दुसऱ्या दिवशी लागेना. वाडीवर रेंज वाटेच्या तोंडाशी असलेल्या टेपाडावरच यायची, आणि तिकडे पाऊस लागला होता. मग मी त्यांना काहीच सांगितलं नाही. आता सांगून उपयोग काय, अशी मीच माझी समजूत घालून घेतली.

परत आल्यावर मी त्यांच्यासोबत वाडीपर्यंत चढले. जीप सोडल्यापासून त्यांची पावलं माझ्या आवाक्यात नव्हती. अर्ध्या वाटेवर ओल्या कातळाचा एक निसरडा टप्पा आहे, त्याच्या वरच्या वळणापाशी त्यांनी हाक दिली. थांबले. पुन्हा दिली. पार्वतीवहिनी वाटेवर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीच सांगितलं. मोगरी गुरुवारी सकाळी दावं तोडून त्याच वाटेनं खाली निघाली होती. कातळावर पाय घसरून खालच्या ओढ्यात पडली, ती गेलीच. ओढ्याच्या काठालाच गावकऱ्यांनी तिला मूठमाती दिली.

मी तिथेच होते. पार्वतीवहिनी म्हणाल्या, तुम्हाला कळवायचं कसं, रेंज नव्हती. एवढं म्हणून त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग मला पाणी दिलं, चहा दिला. तो चहा मी कसा प्यायले मला माहीत नाही. धर्माभाऊ दाराशी बसून होते. बुधवारच्या फोनचं काही न सांगता मी खाली उतरले.

पुढचे दोन पावसाळे त्यांचा फोन रोज आला, साडेआठला. आकडा, आणि ठेवतो म्याडम. त्याआधी ते बोलायचे, डुकरांचं, भाताचं, वाडीतल्या भांडणांचं. आता फक्त आकडा. मी एकदा म्हटलं, धर्माभाऊ, दुसरी म्हैस बघू या का आपण. तर म्हणाले, नको, आता खाली उतरायचं झालं तर आम्ही दोघंच बरे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचे गुडघे गेले. मुलगा मुंबईला घेऊन जायला आला. मापनळी त्यांनी सुनंदाच्या ताब्यात दिली, आडवं कसं पडायचं ते तिला दाखवलं. मी पोलादपूरच्या एसटी स्टँडवर निरोप द्यायला गेले. मुलगा आणि पार्वतीवहिनी सामान घेऊन पुढे उभे होते. धर्माभाऊ बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. बुधवारचा फोन, मुद्दाम न दिलेला निरोप, सगळं. एका दमात, त्यांच्याकडे न बघता.

ते म्हणाले, "ठावं हाय मला. आपण परत आलो त्याच सांजेला घरातलीनं सांगितलान."

मी विचारलं, मग दोन वर्षं बोलला का नाहीत? तुम्हाला राग नाही आला?

"हाय तर राग. अजून हाय." ते आपल्या गुडघ्याकडे बघत होते. "पन रोज तुमालाच फोन लावायचा होता. वाडीचा आकडा हाय तो. त्यात भांडान कसं घालू?"

गाडी लागली. मुलानं हाताला धरून त्यांना उठवलं. मी पिशवी घेऊन दारापर्यंत गेले. पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले, मागून लोक ढकलत होते तरी.

"एक इचारायचं राह्यलं. तिकडं मी एवढा वेळ बोललो आणि तुमचं एका दमात आटपलं. काय सांगितलंत तुमी त्यांना?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, तुम्हाला गावाची आठवण येते असं सांगितलं.

"म्हंजे तिचं नाव नाय घेतलंत."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, होकाराची की नकाराची ते मला कळलं नाही. मग दांड्याला धरून, एकेक पाय वर घेत ते गाडीत चढले. पार्वतीवहिनींनी खिडकीची जागा त्यांना दिली होती. गाडी हलली तेव्हा वहिनींनी मला हात केला. ते समोर बघत बसले होते.